उजेडाखालचा कळप

गारेनला तो ड्रोन बिंगोत लागला, आणि लागला तेव्हा ती चांगलीच चिडली.

स्कूटर क्लबचा बिंगो दर बुधवारी रेडिओवर होतो. आकडे वाचणाऱ्याला सर्दी असो की गावात मयत असो, उत्तरेच्या टोकाच्या आमच्या गुओल्लेयोका गावातली तमाम बायकामंडळी बुधवारी सहाच्या ठोक्याला टेबलावर कागद मांडून बसलेली असते. त्या हिवाळ्यात पहिलं बक्षीस होतं बर्फावर चालवायची स्कूटर, दुसरं मांस कापायचं यंत्र आणि तिसरं तळहातावर मावेल एवढा, कॅमेरा लावलेला ड्रोन. गारेनचा डोळा यंत्रावर होता. चौतीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात सुरीनं मांस कापलं होतं, निदान घरी तरी एखादं यंत्र असावं एवढीच तिची हौस. पण यंत्र लागलं दुकानदारीण मारितला, जिच्या दुकानात तसली दोन यंत्रं आधीच होती. गारेननं अदलाबदलीचं विचारून पाहिलं.

"मी काय करू त्याचं? माझं वजन बघ आणि त्याचं बघ," असं म्हणून मारितनं विषय संपवला.

ड्रोनचं खोकं तीन महिने फ्रीझरवर पडून राहिलं. उघडलं गेलं ते इस्सातच्या टोमण्यामुळे. इस्सात गारेनचा थोरला भाऊ, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. दर रविवारी बाराला तो तिच्याकडे कॉफीला यायचा. दार वाजवायचं नाही, बूट झटकायचे, खिळ्यावर टांगलेला आपला लाकडी पेला काढायचा आणि त्यात चीजचे तुकडे टाकून वर गरम कॉफी ओतायची. मग तासभर दोघं बसायची. बोलणं फारसं व्हायचं नाही. सत्तरी गाठलेला, आयुष्य रेनडियरांमागे घालवलेला माणूस बोलून बोलून किती बोलणार! गारेनचा नवरा थोरलेइफ दक्षिणेकडून आलेला, रस्त्यावरचं बर्फ साफ करणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. त्यामुळे आठवड्यातला हा एक तास म्हणजे गारेनचं सगळं माहेर होतं, आणि सगळं घरही.

तर त्या रविवारी इस्सातनं फ्रीझरकडे हनुवटी उडवली. "डास अजून खोक्यातच पाळलायस का? का चावेल म्हणून भीती वाटते?"

"चावला तर तुझ्याकडेच पाठवीन."

"पाठव. आमच्याकडच्या डासांना जोडीदार हवाच आहे."

तो गेल्यावर गारेननं खोकं उघडलं. माणसाला जे प्रेमानं सांगून जमत नाही ते टोमण्यानं जमतं, आणि आमच्याकडच्या बायकांना तर नक्कीच.

पहिल्या दिवशी ड्रोन शेजाऱ्याच्या छपरावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या. पण हाताला रोज पन्नास मुलांचं जेवण सांभाळायची सवय असलेली बाई, तिला दोन अंगठ्यांचं काम किती दिवस जड जाणार? महिनाभरात तो तिच्या बोटांच्या तालावर नाचायला लागला. दिवसाचे फोटो मात्र तिला बेचव वाटले. बर्फ, बर्फ आणि मध्ये कुणाची तरी गाडी. मग एका संध्याकाळी वर उजेड आला. पुस्तकात त्याला ध्रुवप्रकाश म्हणतात, आम्ही नुसता उजेड म्हणतो, कारण वर्षातले दोन महिने सूर्य तोंडच दाखवत नाही तेव्हा आभाळात दुसरा उजेड असतो कुठला! गारेन अंगणात उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, हा उजेड आपण जन्मभर खालून बघितला. वरून गाव कसं दिसत असेल त्याच्यात?

थोडी भीती होती. उजेडाखाली शीळ घालायची नाही, गलका करायचा नाही, हे आईनं कानात भरवलेलं. जुन्या काळी स्लेज ओढणाऱ्या रेनडियरांच्या गळ्यातल्या घंटासुद्धा काढून ठेवायचे, की वरच्या उजेडाला ऐकू जाऊन तो खाली यायला नको. आणि हा ड्रोन तर मेला अखंड गुणगुणणारा. गारेननं त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. उडवण्याआधी ती डोक्याला रुमाल बांधायची, केस नीट झाकायची आणि हळूच म्हणायची, "रागावू नका. छोटासा आहे. दहा मिनिटांत घरी जातो."

दहा मिनिटंच. त्याहून जास्त थंडीत बॅटरी टिकतच नाही. तिनं सगळं चुकत चुकत शिकून घेतलं. बॅटऱ्या लोकरीच्या आतल्या बंडीत, छातीशी धरून न्यायच्या आणि अगदी उडवताना बसवायच्या. खाली रेनडियरचं कातडं अंथरायचं, म्हणजे उडताना पात्यांनी भुरभुरीत बर्फ उडून कॅमेऱ्यात जात नाही. धुकं असेल तर घरी बसायचं, कारण पात्यांवर बर्फाचा थर धरतो आणि ड्रोन दगडासारखा खाली येतो. उजव्या हातमोज्याच्या अंगठ्याचं टोक कापून टाकायचं. आणि वाऱ्याची झुळूकही नको, कारण अंधारात फोटो घ्यायचा तर कॅमेऱ्याचा डोळा चार-चार सेकंद उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात ड्रोन जरा जरी डुलला तरी गावातला प्रत्येक दिवा गांडुळासारखा लांब होतो. वीस फोटोंत एक नीट यायचा. गारेनला त्याचं काही वाटलं नाही. वीस पावांतला एक करपायचा तेव्हा ती जास्त हळहळायची.

इथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे कुणाला, तुमची रेनडियरं किती, असं विचारत नाहीत. दक्षिणेचे पाहुणे विचारतात, आणि मग आम्ही छताकडे बघतो. भाऊ भावाला विचारत नाही, बायको नवऱ्याला विचारत नाही. कळप समोरून गेला तर माणूस शेपटं बघेल, शिंगं बघेल, कोण लंगडतंय ते बघेल, पण मनातल्या मनातही मोजणार नाही. आणि मोजलंच तर पापासारखं लपवेल. आमच्याकडे हा पोरासोरांनाही शिकवावा न लागणारा शिष्टाचार आहे.

गारेननं कळपाबाहेर लग्न केलं, पण त्यामुळे ती रिकामी झाली नाही. इथली मुलगी कुठेही गेली तरी तिच्या नावाची कानाची खूण असते आणि त्या खुणेची चार जनावरं भावाच्या कळपात चरत असतात. गारेनची खूण म्हणजे उजव्या कानाचं टोक तिरपं कापलेलं आणि डाव्या कानाला मागून दोन खाचा. तिच्या जनावरांची सुरुवात झाली ती दातापासून. बाळाचा पहिला दात ज्याला आधी दिसतो त्यानं बाळाला एक रेनडियर द्यायचं असतं. तंबूत सगळ्यांच्या आधी हिच्या तोंडात बोट घातलं ते नऊ वर्षांच्या इस्सातनं. "दात! दात!" असं ओरडत तो बाहेर धावला आणि त्याच दिवशी त्यानं आपल्या तीन माद्यांतली सगळ्यात चांगली तिच्या नावावर करून टाकली. बाप म्हणाला, "अरे, एखादं पाडस दे." तर हा म्हणाला, "दात मोठा आहे." ती मादी, तिच्या मुली, त्या मुलींच्या मुली, अशी ओळ एकसष्ट वर्षं चालत आली होती. गारेन दर रविवारी एकदाच विचारायची, "माझी बरी आहेत ना?" तो म्हणायचा, "बरी आहेत." झालं.

ज्या डिसेंबरची ही गोष्ट आहे, त्याच वर्षीच्या जानेवारीत पाऊस पडला होता. त्या महिन्यात पाऊस पडणं म्हणजे आमच्यावर कुऱ्हाडच. बर्फावर पाणी, पाण्यावर पुन्हा थंडी, आणि रेनडियरं जे खातात त्या खालच्या शेवाळावर काचेसारखं झाकण. रेनडियरं खूर आपटून आपटून थकतात आणि तिथेच बसतात. सगळ्यांचीच जनावरं गेली. किती गेली ते अर्थातच कुणी कुणाला विचारलं नाही. सगळे म्हणाले, "थोडी गेली." इस्सातही म्हणाला, "थोडी गेली. तुझी सगळी आहेत." गारेननं त्याच्या पेल्यात चीजचे दोन तुकडे जास्त टाकले आणि विषय तिथेच मिटला.

आता त्या डिसेंबरकडे येऊ.

शाळेचं स्वयंपाकघर आवरून गारेन साडेतीनला निघाली तेव्हा बाहेर दोन तासांपासून काळोख होता. हवा अगदी स्तब्ध होती, धुराड्यांचा धूर सरळ वर चालला होता. आणि त्या धुराच्या वर, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत, उजेडानं अशी काही सुरुवात केली होती की रस्त्यावरून जाणारी माणसंही मान वर करून चालत होती. इथे रोजच्याला कुणी मान वर करत नाही. गारेन घरी गेली, बंडीत तीन बॅटऱ्या घातल्या आणि तळ्याच्या काठाशी आली.

पहिल्या दोन बॅटऱ्या गाव टिपण्यात गेल्या. तिसरीला तिनं ड्रोनचं तोंड फिरवलं आणि त्याला गोठलेल्या तळ्यावरून लांब, पलीकडच्या टेकाडाच्या बाजूला नेलं. पडद्यावर सगळं काळंच दिसत होतं, वर एक हिरवट पट्टा. तिनं अंगठा दाबला, श्वास रोखला, चार आकडे मोजले. पुन्हा दाबला. उजेड तेवढ्यात भडकला, खालची कड जांभळी झाली आणि सगळं तळं हिरवं झालं. सहा फोटो. मग बॅटरीचा आकडा भराभर उतरायला लागला तशी तिनं त्याला घरी बोलावलं. तो कातड्यावर उतरला तेव्हा ती वर बघून म्हणाली, "झालं हं. आभारी आहे."

घरी मोठ्या पडद्यावर तिनं ते फोटो बघितले. पाच हललेले. सहावा बघून तिनं हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

वर उजेडाचा सगळा पडदा. खाली हिरवं पडलेलं बर्फ. आणि टेकाडाच्या उतारावर, शांत, निवांत, एक एक ठिपका वेगळा दिसेल असा, इस्सातचा कळप झोपलेला. ते रान त्याच्याच चराईचं, पण कळप त्या रात्री तिथे असेल हे तिला ठाऊकच नव्हतं. एकही ठिपका उठून पळालेला नव्हता, ड्रोनचा आवाज तिथवर पोचलाच नसावा. तिला इतकं भरून आलं की तिनं थोरलेइफच्या फोटोला हाक मारून दाखवलं. "बघ. एवढ्या वर्षांत तुला जे मला सांगून सांगता आलं नाही ते हे."

कुणी म्हणेल, तेव्हाच तिच्या लक्षात कसं आलं नाही? नाही आलं. मोजायचं नसतं हे तिच्या हाडात इतकं मुरलेलं की दुसरा कुणी मोजेल हेही तिला सुचलं नाही.

मारितनं तो फोटो पाहिला आणि हट्टच धरला. शहरातून मीटरभर लांबीचा छापून आणवला आणि दुकानात, कॉफीच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर लावला. नाताळ तोंडावर होता, सगळं गाव दुकानात येत होतं. जो येई तो उभा राही. गारेनला दोन दिवस पाव घ्यायला जायचीही लाज वाटली, एवढं कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी ती गेली तर ओव्लाआजोबा फोटोसमोर उभे. पंच्याऐंशीचे, टोपी हातात काढून घेतलेली, मान वर, आणि ओठ हळूहळू हलताहेत.

"प्रार्थना करतायत बघ," ती मारितच्या कानात म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

मारित पावाची पिशवी उगाचच पुन्हा पुन्हा दुमडत राहिली.

ओव्लाआजोबांनी टोपी घातली, वळले, गारेनला बघून जरा चपापले. मग जवळ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अगं, इस्सातनं आधी सांगायचं ना आम्हाला. आमच्याकडे चारा शिल्लक आहे. एवढीशीच राहिलीत त्याची, कुणाला कल्पना तरी!"

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही मोजली?"

म्हातारा लाल झाला. एवढ्या वयाचा माणूस इतका लाल झालेला गावानं आधी पाहिला नव्हता. "मी नाही... म्हणजे सगळेच... दिसतंच ना समोर. नजर जाते."

तिनं मागे वळून कॉफीच्या टेबलाकडे पाहिलं. बसलेले सगळे एकदम आपापल्या पेल्यांत बघायला लागले. मग तिनं फोटोकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिला त्यात उजेड दिसला नाही. पांढऱ्या कागदावर काळे ठिपके दिसले फक्त. तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि फोटो काढला. मारित म्हणाली, "खिळा तरी सांभाळून काढ, बाई." तो मीटरभर फोटो वाऱ्यात काखेत धरून ती घरी गेली आणि तोंड जमिनीकडे करून पलंगाखाली सरकवून दिला.

पण उशीर झाला होता. आकडा गावात फिरला होता. तो आकडा मी इथे लिहिणार नाही.

त्या रविवारी बारा वाजले, साडेबारा वाजले. कॉफी उकळून उकळून कडू झाली. इस्सात आला नाही. पुढच्या रविवारी नाही. नाताळ कोरडा गेला. गारेन दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा आत गेली तेव्हा तो गोठ्यात दोरी विणत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"दादा, मला ठाऊक नव्हतं रे. कळप तिथे आहे हेच ठाऊक नव्हतं."

दोरीचा एक पदर दुसऱ्यावरून गेला.

"बोल ना. शिवी दे."

त्यानं शिवी दिली नाही. उठला, दोरी खुंटीला अडकवली आणि तिच्या शेजारून बाहेर निघून गेला. शिवी दिली असती तर गारेनला त्या रात्री झोप लागली असती.

भावजय सुस्सान्नानं जाताना तिला गाठलं. "रागावून बसला नाहीये तो. त्याला लोकांचं गोड वागणं सोसत नाहीये. काल पंपावर कुणी त्याच्या पेट्रोलचे पैसे परस्पर देऊन टाकले. घरी येऊन जेवला नाही. म्हणाला, लोक माझ्याशी चांगले वागायला लागले, सुस्सान्ना, आता संपलंच."

गारेन रस्ताभर रडत घरी आली. तिनं ड्रोन खोक्यात घातला आणि खोकं पुन्हा फ्रीझरवर ठेवून दिलं. त्या आठवड्यात वर उजेडानं नुसता धुमाकूळ घातला होता. तिनं पडदे ओढून घेतले.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी निवड होती. हिवाळा चढला की कळप एकमेकांत मिसळतात, मग सगळ्यांची जनावरं एका मोठ्या गोल कुंपणात आणायची, कानाच्या खुणा बघायच्या आणि ज्याची त्याला वेगळी करायची. त्या दिवशी सगळ्यांसाठी बिदोस, म्हणजे रेनडियरच्या मांसाचा बटाटे-गाजर घातलेला रस्सा, गेली वीस वर्षं गारेनच करायची. ती जाणार नव्हती. सुस्सान्नाचा फोन आला.

"पातेलं कधी नेऊ?"

"मी नाही येत. कुठल्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच तोंडानं ये. माणसं उपाशी राहिली तर ते पण तुझ्याच नावावर जाईल."

म्हणून गेली. सूर्य परत येऊन आठवडा झाला होता, दुपारचा तासभर क्षितिजावर बसायचा आणि पुन्हा निघून जायचा. कुंपणाच्या आत जनावरं घड्याळाच्या उलट्या दिशेनं गोल गोल पळत होती, वाफेचा ढग त्यांच्याबरोबर फिरत होता. मध्ये उभी असलेली माणसं दोरीचे फास टाकत होती. इस्सात पलीकडच्या बाजूला होता. त्यानं तिला पाहिलं आणि पाठ फिरवली.

रस्सा चुलीवर ठेवून गारेन कुंपणाशी आली. फळ्यांच्या फटीजवळ एक मादी थांबली होती. कानावर इस्सातची खूण. तिच्या पोटाला अंग घासत यंदाचं पाडस उभं होतं. गारेननं सवयीनं त्याच्या कानाकडे पाहिलं. उजव्या कानाचं टोक तिरपं कापलेलं. डाव्याला मागून दोन खाचा.

तिनं डोळे पुसून पुन्हा पाहिलं. आईच्या कानावर एकाची खूण आणि पाडसाच्या कानावर दुसऱ्याची, असं आमच्याकडे होत नाही. झालं तर सुऱ्या निघतात, कोर्टापर्यंत जातात माणसं. पाडस आईचं, आणि आई ज्याची त्याचं पाडस. यात चूक होत नाही. इस्सातकडून तर नाहीच.

जनावरं पळत होती. तिनं दुसरं पाडस पाहिलं. तिरपं टोक, दोन खाचा. आई इस्सातची. तिसरं. तेही तसंच. मग गारेननं जन्मात पहिल्यांदा मोजायला सुरुवात केली. चौथं, पाचवं, सहावं. पळणाऱ्या गर्दीत तिच्या खुणेची मोठी जनावरं फक्त दोन दिसली, दोन! आणि पाडसांमागून पाडसं, तिची खूण लेवून आपल्या आयांमागे पळत होती. अकराव्याशी ती थांबली. पुढचं काही दिसेना.

"थांबलीस का? मोज की."

इस्सात तिच्या मागे उभा होता. सहा आठवड्यांनी ऐकलेला त्याचा पहिला शब्द हा. "सगळ्या गावानं मोजून झालं. तू एकटीच राहिली होतीस."

"दादा, ही माझी नाहीत."

"खूण कुणाची आहे?"

"माझी. पण—"

"मग तुझी."

"माझी सगळी आहेत म्हणाला होतास."

"आहेतच." तो फळीवरचं बर्फ अंगठ्यानं खरवडत राहिला. "तुझं एक मेलं की माझं एक पाडस तुझ्या खुणेचं. एवढं साधं. जास्त मेली, म्हणून जास्त पाडसं लागली. उन्हाळ्यात समुद्राकाठी खुणा करताना तू कुठे येतेस बघायला! रविवारी येऊन मी तुला काय सांगणार होतो? दोन राहिलीत म्हणून?"

"सांगायचं होतंस. मी काय खाल्लं असतं तुला?"

"तू नसतं खाल्लंस. पण विचारलं असतंस, आणि तुझी किती राहिली म्हणून." त्यानं नाक ओढलं. "ते कुणी विचारत नाही म्हणूनच मी वर्षभर तग धरला, गारेन. आणि तू त्या डासाला घेऊन आभाळातून विचारून गेलीस."

गारेन हुंदके देऊन रडायला लागली. रस्त्यातल्यासारखं नाही, मोठ्यानं. दोरीवाले दोघेतिघे बघायला लागले. इस्सात ओशाळला.

"रस्सा करपतोय," तो म्हणाला.

रस्सा करपत नव्हता. ती तरीही गेली आणि ढवळत बसली. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्यानं वाडगं पुढे केलं, तिनं नळीची हाडं निवडून त्यात घातली, आणि ओव्लाआजोबा मोठ्यानं म्हणाले, "बघा, हिला आमचं वाडगं दिसतच नाही." सगळे हसले. त्या हसण्यात इस्सातही थोडासा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाराला बूट झटकल्याचा आवाज आला. त्यानं खिळ्यावरचा पेला काढला, आत बघितलं, सहा आठवड्यांची धूळ फुंकली.

"चीज आहे का?"

"आहे."

गारेननं चीजची ताटली पुढे सरकवली. मग तो म्हणाला, "तो फोटो जाळलास?"

"पलंगाखाली आहे."

"काढ. मी पाहिलेलाच नाही."

गारेन त्याच्याकडे बघतच राहिली. सगळ्या गावानं पाहिला, मोजला, चघळला. ज्याचा कळप त्यानंच पाहिला नव्हता. तिनं वाकून तो फोटो ओढून काढला, धूळ पुसली आणि टेबलावर पसरला. कोपरे वर वळत होते, त्यांवर साखरेचा डबा आणि चीजची ताटली ठेवली. इस्सातनं चष्मा लावला. वाकला. वरच्या उजेडाकडे त्यानं एकदा नुसतं बघितलं, तो काय, रोजचाच. मग त्याचं बोट खाली उतारावर आलं आणि एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जायला लागलं. ओठ हलायला लागले.

गारेनच्या मनात आलं, तूही मोजतोस, दादा?

मग तिला ऐकू आलं. तो नावं घेत होता. "ही करडी. ही हिची बहीण, दोघी पाठीला पाठ लावूनच झोपणार. हा खोंड वाऱ्याच्या बाजूला, शहाणा आहे. ही मोडक्या शिंगाची. ही पांढऱ्या पायांची, ही मार्चमध्ये उठेल असं वाटलं नव्हतं मला, उठली बघ." अंधारातले ते काळे ठिपके, ना शिंग दिसे ना पाय, पण कोण कुणाशेजारी झोपतं यावरून तो एकेकीला ओळखत होता. एकाही ठिपक्याला त्यानं आकडा दिला नाही.

शेवटी बोट कडेला गेलं. सगळ्यांपासून जरा लांब, एकटा, एक ठिपका होता.

"ही तुझी," इस्सात म्हणाला. "दाताच्या ओळीतली शेवटची मादी. हिची आई पण अशीच लांब झोपायची, आणि तिची आई पण. मी लहान असताना रात्री उठून बघायचो, आहे की गेली."

"आहे?"

"काल तुझी दोन दिसली ना तुला? त्यातली पुढची, तीच." त्यानं चष्मा काढून पुसला. "कॉफी ओत. आणि याला भिंतीवर लाव. इथे लाव, मला बसल्या जागेवरून दिसेल असा."